रंगाची वाटी

मारोतराव ठमके यांनी नऊ वर्षं माझ्या पेशंटांचे दात बनवले, पण माझ्या दवाखान्याच्या आत ते एकदाही आले नाहीत. काम न्यायला आले की रस्त्यावरच सायकल थांबवायचे, एक पाय जमिनीला टेकवायचे आणि घंटी वाजवायचे. मग मी किंवा कंपाउंडरने बाहेर जाऊन ठशाची डबी हातात द्यायची.

"आत या ना ठमकेभाऊ, चहा तरी घ्या."

"नोको डॉक्टरबाई. खुर्चीत तोंड उघडून बसलेला मानूस मले पाह्यवत नाई. मानसानं दात हासताना दाखवाव, भेताना नाई."

हे काम काय असतं ते सांगते. तुटका दात मी घासून लहान करते आणि त्याचा ठसा घेते. त्या ठशावरून धातूची टोपी ओतायची, तिच्यावर चिनी मातीसारख्या पावडरचे थर ब्रशने चढवायचे आणि भट्टीत भाजून खऱ्यासारखा दात करायचा, हे सगळं लॅबमध्ये होतं. पेशंट गावभर सांगतो, "डॉक्टरबाईनं कॅप बसवली." कॅप करणाऱ्याचं नाव त्याला माहीत नसतं, आणि करणाऱ्यालाही तोंड माहीत नसतं. ठमकेभाऊंच्या हातून हजारो दात गेले असतील. त्यातला एकही त्यांनी माणसाच्या तोंडात बसलेला पाहिला नव्हता.

त्यांची लॅब इथेच पांढरकवड्याला, हैदराबादच्या रोडवर, एका जिनिंग फॅक्टरीच्या कुंपणाला लागून होती. पूर्वी ती वजनकाट्याच्या मुनिमाची खोली होती. आत एक खाट, एक स्टोव्ह, एक टेबल आणि भट्टी. भट्टीला ते बुढी म्हणत. "बुढी आज नीट तापून नाई राह्यली," असं म्हणाले की समजायचं, लाइन गेली होती. बायको हिंगणघाटला माहेरी गेली ती परत आली नाही, एवढंच मी ऐकून होते. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उंच, किडकिडीत माणूस. धातू घासताना उडालेल्या किसाने डावा डोळा तरुणपणीच गेलेला, त्यामुळे काहीही बघायचं तर मान तिरपी करून उजवा डोळा पुढे आणायचे. एखाद्या पक्ष्याने दाणा बघावा तसे.

मी नागपूरहून डिग्री घेऊन नवीन आले होते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बापाने एसटीच्या डेपोत इंजिनाखाली झोपून मला शिकवलं, आणि पाटीवर नावापुढे डॉक्टर लिहिताना पेंटरला मी अक्षर मोठं काढायला लावलं होतं. पाचवं की सहावं काम असेल. ठमकेभाऊंनी माझा ठसा परत पाठवला. डबीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: "हे तोंड परत बोलवा. काठ ओढला गेला."

मी तडक लॅबवर गेले. पहिलं वाक्य काय बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी विचारलं, "तुम्ही शिकला किती आहात?"

"नववी," ते म्हणाले. "नागपूरच्या दाताच्या कॉलेजात लॅबमंदी झाडू मारो. झाडता झाडता पाह्यलं." मग भिंग माझ्या हातात देऊन ठसा उजेडात धरला. दाताच्या काठाशी ठशाचा मसाला केसाएवढा सरकलेला होता. "तुमच्या पुस्तकात हे असंन, बाई. पान उलटून गेलं असंन."

पान उलटूनच गेलं होतं. मी पेशंटला परत बोलावलं.

टेबलावर त्यांचा एक मिसळणाचा डबा असायचा, स्वयंपाकघरात तिखट-हळदीला असतो तसाच, सात वाट्यांचा. त्यात बिघडलेले दात. एका वाटीत आतून फुगे आलेले, एकीत तडकलेले, एकीत धातूवरून साल सुटावी तसे सुटलेले, एकीत हिरडीशी काळी रेघ दाखवणारे. फेकायचे काहीच नाहीत. नवीन बिघाड आला की वाटीतले जुने काढून शेजारी मांडायचे आणि तपास सुरू व्हायचा. "पयले पावडरले इचाराचं, मंग पान्याले, मंग बुढीले. कोनी ना कोनी कबूल करते." मधली वाटी रंग चुकलेल्या दातांसाठी होती. ती रिकामी असायची. ती रिकामी आहे हे ते बोलून दाखवत नसत, पण डबा उघडताना झाकण मुद्दाम पुरतं बाजूला ठेवायचे.

एका वर्षी सालं निघायला लागली. पेशंटने भाकर चावली की धातूवरचा पांढरा भाग टिकलीसारखा उडून यायचा. चार महिने तपास चालला. पावडर बदलली, पाणी बदललं, भट्टीत चांदीची तार वितळवून ताप बरोबर आहे का ते पाहिलं. शेवटी एका सकाळी भिंगाखाली धातूच्या टोपीवर त्यांना स्वतःच्या अंगठ्याचा ठसा दिसला. ते दिवसभर खर्रा खायचे. ज्या अंगठ्याने खर्रा घोटायचा त्याच अंगठ्याने घासून लख्ख केलेली टोपी उचलायची. सुपारी-तंबाखूचा तेलकटपणा धातूवर बसायचा आणि त्यावर काहीच चिकटायचं नाही. त्या दिवशी त्यांनी खर्रा सोडला. दोन वर्षं मी त्यांना कॅन्सरचे फोटो दाखवत होते, त्याचा उपयोग झाला नव्हता.

मी चिडून म्हटलं, "माझं ऐकलं नाही, धातूचं ऐकलं."

"तुमी तोंडासाठी सोडा म्हनत होत्या. तोंडाचं काय, एकट्याचं हाय. मेटल लोकाइचं हाय."

दुसरा बिघाड यायचा तो दिवाळीनंतर. जिनिंग सुरू झालं की दातांत राखी टिपके आणि बारीक फुगे दिसायचे, आणि उन्हाळा लागला की आपोआप बंद व्हायचे. यावर त्यांचे दोन हंगाम गेले. मग एकदा दारातून उन्हाचा पट्टा आत आला आणि त्यात तरंगणारे कापसाचे तंतू त्यांना दिसले. ओल्या पावडरीवर तंतू बसायचा, भट्टीत जळायचा आणि मागे राखेचा टिपका नाही तर फुगा ठेवायचा. तेव्हापासून हंगामात ठमकेभाऊ मच्छरदाणी बांधून तिच्या आत बसून दात करू लागले. कुंपणापलीकडून हमाल विचारायचे, "काहून ठमकेभाऊ, दाताले मच्छर चावते का?"

"तुमचा कापूस चावते बे," आतून आवाज यायचा. मग शिव्या, हसणं, आणि मध्येच कोणीतरी कुंपणावरून चहाचा ग्लास द्यायचा. ठमकेभाऊ मच्छरदाणी वर करून हात बाहेर काढायचे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. एका वर्षी फॅक्टरीचं फाटक उघडलंच नाही. थंडीत मी लॅबवर गेले तर मच्छरदाणी घडी करून खाटेखाली ठेवलेली.

"फुगे बंद झाले वाटतं," मी म्हटलं.

"हो. यंदा एकबी दात खराब निंगला नाई." घरात कोणी गेल्याचं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. हमाल हैदराबादकडे कामाला गेले होते, चहाची गाडी हायवेच्या फाट्यावर सरकली होती. "पूरा दिवस जाते, बाई. शिवी द्याले कोनी नाई."

त्या वर्षांत त्यांना कामाशिवाय दुसरं काही राहिलं नाही, आणि काम मात्र ते असं करत की बस. आमच्या भागात बोअरच्या पाण्याने दातांवर तपकिरी रेघा पडतात. शहरातल्या लॅबला समोरचा एक दात सांगितला तर ते दुधासारखा पांढरा करून पाठवतात आणि तो त्या तोंडात पाहुण्यासारखा दिसतो. ठमकेभाऊ शेजारच्या दातांवरच्या रेघा नव्या दातावर काढायचे. मी त्यांना रेघांचं चित्र काढून पाठवायची. "तुमी काढता तो नकाशा असते," म्हणायचे, पण त्या नकाशावरूनच करायचे. एका खेड्यातल्या गुरुजींना मी दात बसवला. त्यांनी आरशात पाहून विचारलं, "पण मॅडम, बसवला कोणता?" मी हे बाहेर रस्त्यावर जाऊन ठमकेभाऊंना सांगितलं. त्यांनी सायकलची घंटी एकदा उगाच वाजवली आणि गेले.

त्यानंतर वर्षभराने रंग चुकायला लागले.

आधी थोडे. मग स्पष्ट दिसण्याइतके. दात निळसर पांढरे यायचे, पाणी घातलेल्या ताकासारखे. घाटंजीच्या एका डॉक्टरने दोन परत पाठवले, यवतमाळहून तीन आले. डब्यातली मधली वाटी भरायला लागली आणि ठमकेभाऊ तपासाला लागले. पावडरच्या सगळ्या बाटल्या बदलल्या. ट्यूबलाइट काढली, टेबल दारात आणून बसले. चांदीची तार पुन्हा वितळवली. बुढीला खोलून तिच्या तारा साफ केल्या. कोणीच कबूल होईना.

मला कारण माहीत होतं. एकदा मी समोर बसले असताना ते बाटलीतलं पाणी वाटीऐवजी वाटीच्या शेजारी ओतत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा उजव्या डोळ्याच्या बाहुलीत मला राखी पडदा दिसला. मोतीबिंदू. त्या पडद्यातून त्यांना प्रत्येक दात पिवळा दिसत असणार, म्हणून ते पांढरा वाढवत होते. मी डॉक्टर आहे, तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांना एकच डोळा होता, आणि त्या डोळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मी त्यापेक्षा वाईट केलं. समोरचे दात नागपूरच्या लॅबला कुरिअरने पाठवायला लागले आणि ठमकेभाऊंना फक्त दाढा द्यायची. दाढेचा रंग कोण पाहतो.

असे तीन-चार महिने गेले. एक दिवस त्यांनी डबी घेतली, उघडून पाहिली, आणि सायकलवरूनच विचारलं, "डॉक्टरबाई, पांढरकवड्यात समोरचे दात पडाचे बंद झाले का?"

मी रस्त्यावर उभी. हायवेवरून ट्रक जात होते. मी म्हटलं, "भाऊ, डोळा दाखवून घ्या."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "पावडरले इचारलं, पान्याले इचारलं, बुढीले इचारलं," ते म्हणाले. "मलेच नाई इचारलं."

ऑपरेशनला मात्र ते तयार होईनात. दोन डोळे असणाऱ्याला मोतीबिंदू किरकोळ वाटतो. "हा गेला त मी नुसता म्हातारा उरीन, बाई." मी समजावलं, चिडले. शेवटी माझ्या हातातली पांढरीशुभ्र दाढ त्यांना पिवळी दिसली, त्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चला."

यवतमाळच्या दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या बाईने मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

मी काही बोलायच्या आत ठमकेभाऊ म्हणाले, "त्या ठसा पाठोते, मी दात पाठोतो."

"अहो काका, नातं विचारते मी."

"तेच सांगून राह्यलो."

बाईने परिचित असं लिहिलं आणि मी सही केली.

डोळा वाचला. चांगला वाचला. पट्टी सुटल्यावर आठ-दहा दिवसांनी मी लॅबवर गेले तेव्हा ते दारात बसले होते. मधल्या वाटीतले अकरा दात पुढ्यात कागदावर मांडलेले.

"मेलेल्या मानसाचे दात केले म्या," ते म्हणाले. मग विचारलं, "लोकाइच्या तोंडात किती हायेत?"

मी रजिस्टर काढलं. त्या काळात मी बसवलेले समोरचे दात पाच. पुढचे काही दिवस मी एकेकाला निरोप धाडला. एक मजुरीला दूर गेला होता, पत्ता नव्हता. एक म्हातारे वारले होते. दोघांनी नको म्हणून कळवलं. त्यातली एक आजी म्हणाली, "चंद्रावानी पांढरा हाय, मी कायले परत देऊ?" हे ऐकून ठमकेभाऊंना हसू आलं नाही. पाचवी सुनंदा. आठवडी बाजारांमध्ये बांगड्या विकणारी तिशीची बाई, घाटंजीकडची. दात बसवल्यावर महिन्याभराने ती माझ्याकडे आली होती. "बाई, मेल्यावानी दिसते हा," म्हणाली होती. तेव्हापासून ती पदर तोंडावर धरून बोलते, हे मी बाजारात एकदा पाहिलं होतं.

"मंग तुमी तिले काय म्हनलं?" ठमकेभाऊंनी विचारलं.

"सवय होईल म्हटलं."

"कोनाले? तिले का दाताले?"



डोळा आला तरी कामं परत आली नाहीत. डॉक्टर लोक एकदा नागपूरला काम पाठवायला लागले की वळत नाहीत. मी सगळं काम पुन्हा त्यांच्याकडे द्यायला लागले, पण एका दवाखान्याचं काम ते किती. सुनंदाचा दात हाच त्यांचा ध्यास झाला. मी म्हटलं, तिला बोलावते, रेघांचं चित्र काढून देते. ते म्हणाले, "नकाशा नोको." दवाखान्यात या म्हटलं तर त्यालाही नाही. "तुमी बोलावू नका. मले पयले पाहू द्या."

महिन्याभराने मी लॅबवर गेले तर ब्रशच्या स्टँडला हिरव्या काचेच्या बांगड्या अडकवलेल्या. चार डझन असतील.

"हे काय, भाऊ?"

"दात पाह्याले गेलतो."

मग त्यांनी सांगितलं. बाजाराच्या दिवशी एसटीने घाटंजीला जायचं, सुनंदाच्या दुकानासमोर बसायचं आणि भाव करायचा. शांतपणे बोलली तर पदर तोंडावरच असतो. घासाघीस वाढली, तिला राग आला, की दोन्ही हात लागतात आणि पदर सुटतो. तेवढ्यात उन्हामध्ये शेजारचे दात पाहून घ्यायचे. डाव्या दातावर दोन रेघा, वरची फिकी. उजव्यावर खालच्या टोकाला चहाचा डाग पडावा तसा डाग. भांडण संपलं की बांगड्या घ्याव्याच लागतात, नाहीतर पुढच्या बाजाराला ती बसू देणार नाही.

"माप विचारलं असेल तिने," मी सहज म्हटलं.

"इचारलं."

"मग काय सांगितलं?"

"दोन-सहा." एवढं म्हणून ते बुढीचं झाकण पुसायला वळले. झाकण स्वच्छच होतं. त्या खोलीत दोन-सहाच्या हाताची बाई मी कधी पाहिली नव्हती.

दात झाला. मी सुनंदाला निरोप धाडला आणि ती आल्यावर सांगितलं, मागच्या वेळी चुकलं होतं, बदलून देते. हे वाक्य मला जड गेलं, पण बोलले. जुना काढला, नवा बसवला. तिने लगेच आरसा घेतला नाही. आधी जिभेने चाचपला, मग आरसा घेऊन खिडकीपाशी गेली आणि पाठ माझ्याकडे करून उभी राहिली. तशीच म्हणाली, "हा माहाच हाय." दात कोणी केला ते तिने विचारलं नाही. सांगायचं नाही, असं मला बजावलेलंच होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लॅबला कुलूप लागलं. बुढी कोणी नेली माहीत नाही. कोणी म्हणतं ते नागपूरला गेले, कोणी हिंगणघाटचं नाव घेतं. मी दोन्हीकडे विचारलं, पत्ता लागला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी. घाटंजीला एका शाळेत मुलांचे दात तपासून परत येत होते. बाजाराचा दिवस, गाडी गर्दीत अडकलेली. खिडकीतून मला सुनंदाचं दुकान दिसलं. ती एका गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडत होती, दोन्ही हात वर, पदर खांद्यावर, सगळे दात उन्हात. चार दुकानं सोडून, मिरचीच्या ढिगापाशी, ठमकेभाऊ उभे होते. मान तिरपी. हातात रिकामी पिशवी. माणसं त्यांना धक्के देत जात होती आणि ते हलत नव्हते.

भांडण मिटलं. गिऱ्हाईक गेलं. सुनंदा पाणी प्यायली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला ते दिसले.

"ओ काका, तिकडे काहून उभे? तुमच्या दोन-सहा आल्या हिरव्या. काढू का?"

ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले. "नाई बाई. आता नाई लागत."

"चार डझनात भागलं? काकूच्या वाढल्या नाईत का अजून?" बांगडी फुटली असं बांगड्यावाली कधी म्हणत नाही, वाढली म्हणते. बोलता बोलता ती हसली. पुरती हसली.

ठमकेभाऊंनी ते हसणं शेवटपर्यंत पाहून घेतलं.

"नाई," ते म्हणाले. "जपून वापरते."

आणि पिशवीची घडी घालत ते एसटी स्टँडकडे चालू लागले.